हार्ड डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये बसवून विंडोज नव्याने टाकताना: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

डिस्क एका लॅपटॉपमधून काढून दुसऱ्यात बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यात फारसं कोणाचं चुकत नाही. चुकतं ते त्याआधी. लोक पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हर हातात घेतात. बिटलॉकरची (म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) की, ब्राउझरमधले पासवर्ड, वायफायचा ड्रायव्हर यांची आठवण येते ती डिस्क दुसरीकडे बसल्यावर, म्हणजे जुना लॅपटॉप रिकामा खोका होऊन पडल्यावर. म्हणून या लेखातला मोठा भाग जुना लॅपटॉप चालू असतानाच उरकायच्या कामांवर खर्च केला आहे. विंडोज १० आणि ११ गृहीत धरले आहेत. लिनक्सबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

डिस्कबरोबर तुमच्या फाइली येतात, प्रोग्राम येतात, सेटिंग्ज येतात. तीन गोष्टी मात्र जुन्या मदरबोर्डाकडेच राहतात: लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स, एन्क्रिप्शन उघडणारी टीपीएम या सुरक्षा चिपमधली किल्ली आणि कोणत्या डिस्कवरून बूट व्हायचं याची नोंद. पुढच्या बहुतेक अडचणी या तिन्हींपैकी एकीतून निघतात.

## आधी ठरवा: नक्की काय हवं आहे

इथे तीन वेगळी कामं एकमेकांत मिसळली जातात.

पहिलं, जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या लॅपटॉपमध्ये बसवून तेच विंडोज चालवणं. विंडोज १० आणि ११ बऱ्याचदा हे सहन करतात. पहिल्यांदा सुरू होताना नवं हार्डवेअर ओळखायला वेळ घेतात आणि मग चालतात. पण जुन्या लॅपटॉपचे ड्रायव्हर आणि कंपनीची जोडसॉफ्टवेअर मागे राहतात. त्यांचा त्रास लगेच दिसत नाही. स्लीपमधून लॅपटॉप जागा न होणं, आवाज मध्येच जाणं असे प्रकार पुढे कधीतरी सुरू होतात.

दुसरं, डिस्क हलवून तिच्यावर विंडोज नव्याने टाकणं. माझं मत याच बाजूने आहे आणि खालचे टप्पे त्यासाठीच आहेत.

तिसरं, फक्त जुन्या फाइली हव्या असणं. तसं असेल तर डिस्क नव्या लॅपटॉपच्या आत बसवायची गरजच नाही. ती यूएसबी एन्क्लोजरमध्ये (डिस्क बाहेरून यूएसबीने जोडायच्या डबीत) घाला, फाइली उतरवून घ्या आणि काम संपवा. कित्येक जणांना खरं तर एवढंच हवं असतं.

## टप्पा १: डिस्क नव्या लॅपटॉपमध्ये बसेल का?

1. जुन्या डिस्कचा प्रकार बघा. चपट्या डबीसारखी दिसते ती २.५ इंची साटा डिस्क. च्युइंगगमच्या कांडीसारखी पातळ पट्टी दिसते ती एम.२.
2. २.५ इंची असेल तर जाडी बघा. जुन्या हार्ड डिस्क बहुधा ९.५ मिमीच्या असतात, पुष्कळ लॅपटॉपमधली जागा मात्र फक्त ७ मिमीची असते. दाबून बसवू नका, वरचं झाकण वाकतं.
3. एम.२ असेल तर दोन गोष्टी तपासायच्या: लांबी आणि भाषा. २२८०, २२४२, २२३० या आकड्यांत पहिले दोन अंक रुंदीचे आणि उरलेले लांबीचे, मिलिमीटरमध्ये. भाषा म्हणजे ती पट्टी साटा आहे की एनव्हीएमई. दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या असतात. फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या खाचेत साटा पट्टी व्यवस्थित बसू शकते आणि तरीही बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरला) दिसत नाही. पट्टीवरच्या लेबलवर प्रकार लिहिलेला असतो. लॅपटॉपच्या खाचेत काय चालतं ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतं.
4. स्टोरेज बोर्डावर डाग देऊन जोडलेलं नाही ना, हे बघा. स्वस्त लॅपटॉपमधलं ईएमएमसी स्टोरेज आणि ॲपल सिलिकॉन असलेल्या मॅकबुकमधलं स्टोरेज असंच असतं. ते काढून दुसरीकडे लावता येत नाही.

जाता जाता डिस्कची तब्येतही बघून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर डिस्कची स्मार्ट नोंद (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती) दाखवतं. 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' (म्हणजे खराब झालेल्या किंवा संशयित) सेक्टरचे आकडे वाढत असतील तर ती डिस्क नव्या संसाराला घेऊ नका. तिच्यावरचा डेटा उतरवा आणि नवी डिस्क घ्या.

## टप्पा २: बॅकअप, आणि तो उघडून बघणं

नव्याने इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाणार आहे. त्यामुळे बॅकअप त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर नको, वेगळ्या डिस्कवर हवा. डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळेच घेतात. राहून जातं ते पुढचं:

- वनड्राइव्हमधल्या ढगाचं चिन्ह असलेल्या फाइली. त्या डिस्कवर नसतातच, दिसते ती नुसती नोंद. बॅकअपमध्ये हव्या असतील तर फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.
- ब्राउझरमधले पासवर्ड. ब्राउझरचं प्रोफाइल फोल्डर उचलून नेलं की पासवर्डही येतील असं वाटतं. क्रोम आणि एजमध्ये ते येत नाहीत, कारण ते त्या विंडोज खात्याशी बांधून एन्क्रिप्ट केलेले असतात. ब्राउझरच्या खात्यात सिंक करा किंवा फाइलमध्ये एक्सपोर्ट करा. ती फाइल उघड्या मजकुराची असते, म्हणून नव्या जागी इम्पोर्ट झाल्यावर लगेच नष्ट करा.
- आउटलुकच्या पीएसटी फाइली (साठवलेल्या मेल), हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आणि प्रोग्रामच्या सेटिंग्जचं लपवलेलं 'ॲपडेटा' फोल्डर.
- फाँट. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली कागदपत्रं तुमच्याकडे असतील तर तो फाँट नसताना ती उघडल्यावर निव्वळ अगम्य चिन्हं दिसतात. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून त्या फाइली वेगळ्या काढून ठेवा.
- ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स ठराविक यंत्रांपुरतं असतं, ते जुन्या लॅपटॉपवर डिॲक्टिव्हेट करा. डिस्क पुसल्यावर हे करता येत नाही आणि मग कंपनीच्या ग्राहकसेवेची मनधरणी करत बसावं लागतं.

तपासा: बॅकअपची डिस्क दुसऱ्या कुठल्याही यंत्राला लावून चार-पाच फाइली उघडा. एखादा व्हिडिओ मधूनच चालवून बघा. फोल्डरचा आकार जुळला म्हणजे फाइली धड आहेत असं होत नाही.

## टप्पा ३: एन्क्रिप्शन, डिस्कचा पासवर्ड आणि लायसन्स

सगळ्यात जास्त डेटा याच टप्प्यावर अडकतो.

1. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी ॲण्ड सिक्युरिटी' खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा (विंडोज १० मध्ये ते 'अपडेट ॲण्ड सिक्युरिटी' खाली असतं). प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमधलं बिटलॉकर बघा. "मी कधी चालूच केलं नव्हतं" यावर विसंबू नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर पुष्कळ लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं.
2. चालू असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की मिळवा. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर उपकरणांच्या यादीत असते. कीबरोबर तिचा आयडीही टिपून ठेवा. एकाच खात्यावर दोन-तीन लॅपटॉप असले की कोणती की कोणाची हे त्या आयडीवरूनच कळतं.
3. मग एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा आणि डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबा. मोठ्या, फिरत्या डिस्कवर याला काही तास लागू शकतात. नुसतं 'सस्पेंड' करून भागत नाही, ते रीस्टार्टनंतर पुन्हा चालू होऊ शकतं.
4. बायोसमध्ये हार्ड डिस्कचा पासवर्ड लावला असेल तर तो काढून टाका. हा पासवर्ड डिस्कबरोबर जातो. आणि गंमत अशी की दुसऱ्या कंपनीचं बायोस तो वेगळ्या पद्धतीने डिस्ककडे पाठवू शकतं, त्यामुळे अचूक पासवर्ड टाकूनही डिस्क उघडेलच असं नाही.

लायसन्सचं गणित सरळ आहे. विंडोज ८ पासून लॅपटॉपबरोबर येणारी की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असते आणि ती डिस्कबरोबर हलत नाही. नव्या लॅपटॉपला स्वतःचं लायसन्स असेल तर प्रश्नच नाही, तेच वापरलं जाईल. नसेल तर वेगळी विकत घेतलेली रिटेल की चालते, मात्र ती जुन्या यंत्रावर वापरणं थांबवावं लागतं. आवृत्तीही जुळली पाहिजे. लायसन्स होमचं आणि टाकलं प्रो, तर ॲक्टिव्हेशन होणार नाही.

सावध: एन्क्रिप्शन बंद झालं आहे किंवा की कागदावर उतरवलेली आहे, या दोन्हींपैकी एकही खरं नसेल तर इथेच थांबा. या कीला मागचा दरवाजा नाही.

## टप्पा ४: पेनड्राइव्ह आणि ड्रायव्हर

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने तो तयार करा. रूफस (हेच काम करणारं दुसरं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर जीपीटी (डिस्कवरच्या पार्टिशनची नवी मांडणी) आणि यूईएफआय (बायोसची नवी बूट पद्धत) हेच पर्याय निवडा. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर तो बूट होत नाही.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे नव्याने टाकायचंच असेल तर ११ टाका. त्याला टीपीएम २.०, सिक्युअर बूटची (फक्त विश्वासार्ह सिस्टमच सुरू होऊ देणारी) सोय, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. या अटी नव्या लॅपटॉपने पूर्ण करायच्या आहेत. जुन्या लॅपटॉपवर ११ चालत होतं, हा त्याचा पुरावा होत नाही.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर, किंवा त्याच पेनड्राइव्हवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, नव्या लॅपटॉपच्या मॉडेलचे तीन ड्रायव्हर ठेवा: वायफाय, चिपसेट आणि स्टोरेज. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची डिस्क हाताळणारी व्यवस्था चालू असते आणि तिचा ड्रायव्हर दिल्याशिवाय इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. "डिस्क खराब झाली" असं समजून ती परत काढणारे बहुतेक जण इथेच फसलेले असतात. ड्रायव्हर झिप किंवा ईएक्सई असेल तर आधीच एक्स्ट्रॅक्ट करून ठेवा. इन्स्टॉलरला आतली आयएनएफ फाइल लागते.

## टप्पा ५: डिस्क काढणं आणि बसवणं

1. जुना लॅपटॉप नीट बंद करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नेहमीचं 'शट डाउन' म्हणजे अर्धवट हायबरनेशन असतं. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउनवर क्लिक करा, म्हणजे तो पूर्ण बंद होतो.
2. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. आतली असेल तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर सोडवा. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा.
3. खालचे स्क्रू काढताना जिथून काढला त्याच जागेच्या क्रमाने कागदावर मांडा. त्यांची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो वरच्या बाजूने कीबोर्डला किंवा बोर्डाला भिडतो. रबरी पायांखाली लपलेले स्क्रूही बघा. झाकण निघत नसेल तर बहुतेक वेळा एखादा स्क्रू राहिलेला असतो. जोर लावण्याआधी तो शोधा.
4. झाकण प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर खुपसू नका.
5. धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. डिस्क कडेने धरा.
6. २.५ इंची डिस्कला धातूची चौकट, आणि कधी टोकाला छोटा जोडकनेक्टर लावलेला असतो. ही चौकट जुन्या लॅपटॉपची असते, नव्यात ती उपयोगी पडेलच असं नाही. उलट नव्या लॅपटॉपची स्वतःची चौकट आणि केबल लागते. डिस्कशिवाय विकल्या गेलेल्या लॅपटॉपमध्ये नेमकी तीच गायब असते, म्हणून झाकण उघडून आधी बघून घ्या.
7. एम.२ पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू न लावता ती वर उचललेली राहिली तर संपर्क तुटतो.
8. पातळ रिबन केबल असेल तर आधी तिचा खटका उघडा. नुसती ओढली तर खटका तुटतो, आणि तो वेगळा मिळत नाही.

नव्या लॅपटॉपमध्ये आधीच दुसरी डिस्क असेल तर इन्स्टॉलेशन होईपर्यंत ती सोडवून ठेवा. दोन डिस्क जोडलेल्या असताना इन्स्टॉलर विंडोज एकीवर टाकतो आणि बूटच्या फाइली दुसरीवर आधीपासून असलेल्या ईएफआय (बूटच्या फाइलींच्या) पार्टिशनमध्ये ठेवून देतो. काही महिन्यांनी ती दुसरी डिस्क काढली की विंडोज सुरूच होत नाही, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

## टप्पा ६: बायोसमध्ये दोन मिनिटं

झाकण पूर्ण बंद करण्याआधी बॅटरी जोडून लॅपटॉप चालू करा आणि बायोसमध्ये जा (कंपनीनुसार एफ२, एफ१०, डिलीट किंवा एस्केप).

तपासा: डिस्कचं नाव आणि क्षमता बायोसला दिसते का? दिसत नसेल तर अडचण जोडणीची किंवा साटा-एनव्हीएमईच्या मेळाची आहे. विंडोजकडे वळण्यात अर्थ नाही.

बूट मोड यूईएफआय ठेवा, लेगसी (जुनी पद्धत) नको. सिक्युअर बूट चालूच राहू द्या. बाकी काही बदलू नका.

## टप्पा ७: इन्स्टॉलेशन

1. बूट मेन्यूतून (बहुधा एफ१२, एफ९ किंवा एस्केप) पेनड्राइव्ह निवडा. तो दोनदा दिसत असेल तर ज्या ओळीत यूईएफआय लिहिलं आहे ती घ्या.
2. प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' या अर्थाचा पर्याय निवडा. फर्मवेअरमध्ये की असेल तर इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो आणि आवृत्तीही स्वतःच ठरवतो. होम-प्रोचा प्रश्न न विचारता तो पुढे गेला तर ते चांगलं लक्षण आहे.
3. अपग्रेड नव्हे, 'कस्टम' किंवा नव्याने टाकण्याचा पर्याय घ्या.
4. डिस्कची यादी रिकामी दिसली तर 'लोड ड्रायव्हर' दाबून टप्पा ४ मधला स्टोरेज ड्रायव्हर द्या.
5. यादीत डिस्क दिसली की तिच्यावरची पार्टिशनं एकेक करून डिलीट करा. सगळ्यांची मिळून एकच 'अनअलोकेटेड' जागा उरली की ती निवडून पुढे जा. नवी पार्टिशनं हाताने पाडू नका, ईएफआय आणि रिकव्हरीसकट लागतील ती इन्स्टॉलर पाडतो.

पाचव्या पायरीवर जरा थांबून बघू, कारण "डी ड्राइव्ह ठेवून फक्त सी पुसायचा" असं बऱ्याच जणांच्या मनात असतं. ते जमतं, पण दोन अटींवर. डिस्क जीपीटी पद्धतीची असली पाहिजे. जुना लॅपटॉप लेगसी मोडचा असेल तर ती एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी) असते, आणि यूईएफआयने बूट झालेला इन्स्टॉलर अशा डिस्कवर विंडोज टाकायला सरळ नकार देतो. मग डीसकट सगळं पुसण्यावाचून सोपा मार्ग राहत नाही. दुसरं, इन्स्टॉलरच्या या यादीत सी-डी अशी अक्षरं नसतात, असतात पार्टिशनचे क्रमांक आणि आकार. म्हणून जुन्या लॅपटॉपवर असतानाच डिस्क मॅनेजमेंटचा फोटो काढून ठेवा आणि आकार जुळवूनच डिलीट दाबा. आकार सारखेच असतील तर थांबलेलं बरं.

सावध: फाइली कॉपी होऊन पहिला रीस्टार्ट होतो तेव्हा कोणतंही बटण दाबू नका. लॅपटॉप पुन्हा पेनड्राइव्हवरून बूट झाला तर भाषा विचारणारा पहिलाच पडदा परत येतो आणि लोक सगळं पहिल्यापासून करतात. तसं झालं तर लॅपटॉप बंद करा, पेनड्राइव्ह काढा आणि चालू करा. काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं.

पुढे सेटअप इंटरनेट मागेल आणि वायफायची यादी रिकामी दिसेल, अशी शक्यता असते. लॅन केबल लावा किंवा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात.

## टप्पा ८: इन्स्टॉल झाल्यावर

विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवा, मग 'ऑप्शनल अपडेट्स'मधले ड्रायव्हर बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह उरलं तर ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरपासून लांब राहा.

सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन इथे 'ॲक्टिव्ह' दिसतंय ना ते बघा. मग पुन्हा एन्क्रिप्शनकडे जा. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्या इन्स्टॉलेशनवर ते आपोआप चालू होण्याची शक्यता आणखी वाढली आहे. चालू ठेवायला हरकत नाही, पण नवी रिकव्हरी की आजच उतरवून घ्या. जुनी इथे चालणार नाही.

बॅकअपमधल्या फाइली शेवटी आणा. आधीची सोडवलेली दुसरी डिस्क आता जोडा, अर्थात लॅपटॉप बंद करून.

## अडलं तर

जुना लॅपटॉप चालूच होत नाही. डिस्क एन्क्लोजरमध्ये घालून दुसऱ्या यंत्राला लावा. की मागितली तर पडद्यावरचा आयडी मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या यादीशी जुळवा. 'परवानगी नाही' असा निरोप आला तर तो वेगळा प्रकार आहे. ॲडमिन खात्यातून 'कंटिन्यू' दाबून फोल्डरची मालकी घेता येते. पण विंडोज डिस्क फॉरमॅट करायची का असं विचारत असेल, तर नाही म्हणा.

जुनंच विंडोज चालवायचा प्रयत्न केला आणि निळा पडदा आला. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं लिहिलेलं असेल तर स्टोरेज कंट्रोलरचा मोड बदललेला असतो: जुन्यात रेड (RAID), नव्यात एएचसीआय (AHCI), किंवा उलट. बायोसमध्ये मोड जुन्यासारखा करून बघा, नाहीतर सेफ मोडमध्ये एकदा सुरू करा. बऱ्याचदा तेवढ्याने योग्य ड्रायव्हर लागतो.

लिनक्स आहे. बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच (सिस्टमच्या गाभ्यात) असल्याने डिस्क हलवून तीच सिस्टम चालण्याची शक्यता विंडोजपेक्षा बरीच जास्त. अडतं ते बूटच्या नोंदीपाशी, कारण ती जुन्या मदरबोर्डात राहिली. लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम, पुन्हा बसवा. एनव्हीडियाचा खासगी ड्रायव्हर वापरत असाल आणि नव्या लॅपटॉपमध्ये ते कार्ड नसेल, तर डिस्क काढण्याआधीच तो अनइन्स्टॉल करा.